सोळा पानांचं शुद्धिपत्र

इंटरनेटवरच्या एका मंचाचं सदस्य होण्यासाठी मी हस्ताक्षराचा नमुना द्यायला इंदूरच्या स्नेहलतागंजला गेले होते, असं आज ऑफिसात सांगितलं तर नवी पोरं हसतात. हसू देत. ॲडमिनसाहेबांचा नियमच तसा होता. अर्ज ऑनलाइन, फोटो ऑनलाइन, पासवर्डही ऑनलाइन मिळायचा. पण तो पासवर्ड चालू व्हायला हवा असेल तर साहेबांच्या घरी स्वतः हजर व्हायचं, त्यांच्यासमोर कोऱ्या कागदावर दहा ओळी लिहायच्या आणि साहेबांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, दिलेले पोहे संपवायचे. भोपाळहून बसने येऊन, दहा ओळी लिहून, पोहे खाऊन परत बसने गेलेला माणूस मी त्यांच्या जिन्यात बघितला आहे.

"ऑनलाइन म्हणजे धर्मशाळा नाही," साहेब म्हणायचे. "समोर बसून ज्याला लिहिता येत नाही, तो मागून काय लिहिणार?"

साहेबांना नाव होतं, चांगलं लांबलचक होतं. पण सगळे त्यांना ॲडमिनसाहेबच म्हणत. चिडल्या की काकूसुद्धा. पॉलिटेक्निकमध्ये शिकवण्यात जन्म गेला होता आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी हा मंच काढला होता. ऑफिसांमधले कंप्युटर सांभाळणाऱ्या आमच्यासारख्या लोकांसाठी. कोचिंग क्लासवाले, दालमिलवाले, नर्सिंग होमवाले. काय बिघडलं, कसं दुरुस्त केलं, ते लेख करून तिथे टाकायचं आणि खाली बाकीच्यांनी उत्तरं लिहायची. मी एका नमकीनच्या कारखान्यात कंप्युटर बघते. आमच्याकडे कीबोर्ड उलटा केला की सेव पडते. त्यामुळे बिघाडाचा अनुभव भरपूर.

पहिल्या दिवशी साहेबांनी मला समोर बसवलं.

"वडील काय करतात?"

"बाइंडर आहेत. बडा गणपतीजवळ एका प्रेसमध्ये."

"म्हणजे पुस्तकं बांधतात. आणि आपलं शिक्षण?"

"बी.एस्सी. कंप्युटर. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली."

"ते मी विचारलं नव्हतं."

"मी सांगितलं."

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. मग माझ्या दहा ओळी वाचल्या. "अक्षर बरं आहे. शुद्धलेखन वाईट आहे. इंदूरचं आहे, चालेल," असं म्हणून त्यांनी माझा पासवर्ड चालू केला. काकू आतून म्हणाल्या, "अहो, तिला आधी पोहे तर खाऊन घेऊ द्या."

ज्या यंत्रावर तो सगळा मंच चालायचा, ते त्यांच्या बैठकीच्या खोलीत देवघराशेजारी होतं. जुना, पांढऱ्याचा पिवळा झालेला डबा. मे महिन्यात घरातला एकुलता एक कूलर त्याच्याकडे तोंड करून असे आणि काकू पदराने वारा घेत बसत. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ पडायची. एकदा माळेतली एक पाकळी पंख्यात अडकून मंच चार तास बंद पडला, तेव्हा साहेबांनी सूचना लावली होती: "सणानिमित्त बंद." ती खोटी नव्हती.

मंचाचे नियम एकोणतीस होते. त्यातला पहिला असा की लेखाला हात लावायचा नाही. एकदा लेख टाकला की टाकला. लेखकाने स्वतःसुद्धा त्यात काना-मात्रा बदलायची नाही. चूक निघाली तर दुरुस्ती खाली उत्तरात लिहायची. वरचा लेख जसाच्या तसा.

"पण साहेब, वर चूक राहते ना?" मी एकदा विचारलं.

"राहू दे. उत्तरपत्रिका जमा झाली की पेन खाली." तीस वर्षं शेवटची घंटा झाल्यावर त्यांनी पोरांच्या हातातून पेपर ओढून घेतले होते. ती सवय निवृत्त झाली नव्हती.

म्हणजे आमच्या मंचावर चुका वरच्या मजल्यावर राहायच्या आणि दुरुस्त्या तळमजल्यावर. सगळ्यांना हे माहीत होतं. कोणीही लेख वाचायचा म्हणजे आधी सरळ खाली जायचं, उत्तरं बघायची, आणि मग वर येऊन लेखकाला मान द्यायचा.

साहेब स्वतः प्रत्येक लेखाची छापील प्रत काढायचे. कागद फुकट जाऊ नये म्हणून जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. एका बाजूला 'प्रिंटर अडकल्यास काय करावे', दुसऱ्या बाजूला 'खालीलपैकी कोणतेही पाच सोडवा'. त्या प्रतीवर लाल पेनाने चुका काढायच्या, फायलीला लावायच्या आणि लँडलाइनवरून लेखकाला फोन करायचा.

"आपल्या लेखात तीन चुका आहेत."

"सुधारतो साहेब."

"खबरदार. मी फक्त कळवलं."

मी लेख कधी लिहिला नाही. लेख लिहिणाऱ्यांची भाषाच वेगळी असायची. 'प्रस्तावना', 'पार्श्वभूमी', 'उपसंहार'. बिघडलेल्या स्विचला कसली आली पार्श्वभूमी? मी उत्तरं लिहायचे. 'वरची तिसरी पायरी करू नका, मी केली, दोन तास गेले. त्याऐवजी असं करा.' बस. पण साहेबांनी पहिल्याच दिवशी शुद्धलेखनावरून टोचलं होतं, म्हणून प्रत्येक उत्तर मी आधी वहीत लिहायचे, चार वेळा खोडायचे आणि मगच टाइप करायचे. त्या वह्या बाबांनी केलेल्या होत्या. प्रेसमध्ये कटिंगमधून उरलेल्या कागदाच्या पट्ट्या जमवून ते मला शाळेपासून वह्या शिवून द्यायचे. लांबट, अरुंद, कुठल्याही दप्तरात न मावणाऱ्या. वर्गात सगळे हसायचे. पण त्यांचं एक पान कधी सुटलं नाही.

मंचाला दहा वर्षं झाली, तेव्हा साहेबांच्या डोक्यात ग्रंथ आला. पुस्तक नाही, ग्रंथ. निवडक लेखांचा. "स्क्रीनवर दिसतं ते दिसतं," ते म्हणाले. "कागदावर असतं ते असतं." हे वाक्य त्यांनी फोनवर प्रत्येक सदस्याला ऐकवलं. मलाही ऐकवलं आणि पुढे म्हणाले, "ग्रंथात आपला सहभाग आहे, हे लक्षात असू द्या."

मी लक्षात ठेवलं नाही, मी घरी जाऊन सांगितलं. चूक तिथेच झाली. बाबा तेव्हा नुकतेच प्रेसमधून घरी बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची पुस्तकं शिवली. वकिलांची, वैद्यांची, कवींची, एका माणसाने स्वतःच्या सासऱ्यावर लिहिलेलंसुद्धा. स्वतः चौथीपर्यंत शिकलेले. पुस्तक हातात आलं की ते आधी त्याची पाठ बघतात, मग पोट.

"नाव येईल?" त्यांनी विचारलं.

"येईल ना."

"छापून?"

"अहो बाबा, पुस्तक आहे. छापूनच येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याने मला विचारलं, "दीदी, किताब कब आ री है?" तेव्हा मला कळलं की गल्लीच्या दोन्ही टोकांपर्यंत बातमी पोचली आहे.

ग्रंथाच्या बैठका साहेबांच्या घरी व्हायच्या. पाच-सहा लोक असायचे. त्यात एक पुणेकर होता, इंदूरला एका आयटी कंपनीत बदलून आलेला. त्याने पहिल्याच बैठकीत विचारलं, "सर, ई-बुक का नाही करत? लेख ऑनलाइनच आहेत."

"ऑनलाइन आहेत म्हणूनच ते काढायचे आहेत," साहेब म्हणाले. पुणेकर पुढे बराच वेळ पोहेच खात राहिला.

मग प्रश्न निघाला की लेखांमध्ये जागोजागी 'इथे क्लिक करा' आहे, त्याचं काय करायचं. काही नाही. लेखाला हात लावायचा नाही. ग्रंथात ते तसंच छापलं गेलं, निळं करायची सोय नव्हती म्हणून अधोरेखित करून. 'वरील व्हिडिओ पाहा' हेही राहिलं. एक लेख 'आज सकाळीच हा प्रॉब्लेम आला' असा सुरू होतो, तो दहा वर्षांपूर्वीचा होता. प्रेसमधले प्रुफं तपासणारे गुरुजी फार जुन्या वळणाचे होते; त्यांनी कंप्युटरला द्यायच्या प्रत्येक आज्ञेच्या शेवटी पूर्णविराम दिला. नंतर मानपुरहून एका सदस्याने फोन करून सांगितलं, "साहेब, पान बेचाळीसवर कधीचा बोट दाबून राहिलोय, उघडतच नाही." तो पेट्रोल पंपावरचा कंप्युटर बघायचा आणि जरा आगाऊच होता.

शेवटच्या बैठकीत मी विचारलं, "साहेब, उत्तरं कुठे येणार? लेखाखाली की मागे?"

"कसली उत्तरं?"

"आमची. खालची."

"ती येणार नाहीत. ग्रंथात लेख येतात. मार्जिनमध्ये लिहिलेलं मी आयुष्यात कधी तपासलं नाही."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. "पण साहेब, निम्म्या लेखांत चुका आहेत. दुरुस्ती खाली आहे."

"ज्याला दुरुस्ती हवी, त्याने मंचावर यावं."

"मग ग्रंथ कशाला?"

कूलरचं पाणी तेवढं टिपकत होतं. पुणेकराने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. साहेब म्हणाले, "बाई, पोहे घ्या."

"नको," मी म्हणाले. त्या घरात पोह्यांना नाही म्हणणारी बहुधा मी पहिलीच. तिथेही पहिलीच.

आणि घरी काही सांगितलं नाही. काय सांगणार? नाव येईल ना, असं बाबा दर दोन दिवसांनी विचारायचे आणि मी 'प्रेसमध्ये आहे' म्हणायचे. तेवढं खरं होतं.

प्रकाशनाला हॉल घेतला होता, दीप होता, शाल होती, नारळ होता. प्रमुख पाहुणे एक निवृत्त अधिकारी होते. त्यांनी आयुष्यात कंप्युटरची उद्घाटनं केली होती, कंप्युटर चालवला नव्हता. ते 'यंत्र आणि संस्कार' यावर बोलले, संस्कारावर जास्त. सूत्रसंचालकाने ग्रंथाची ओळख दोन वाक्यांत आटोपली आणि मग कचोरीच्या प्लेटा कुठल्या डब्यात टाकायच्या, चटणी उरली तर कुठल्या, चमचे कुठल्या, हे सविस्तर सांगितलं. शहर इंदूर आहे, स्वच्छतेत पहिलं येणारं. तिथे हॉलभर लोक कान देऊन ऐकत होते.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मी त्यांना सांगितलं होतं, नका येऊ, उभं राहावं लागतं. ते म्हणाले, "मी बसेन." ग्रंथ हातात आल्यावर त्यांनी तो उघडला नाही. आधी पाठीवरून अंगठा फिरवला.

"चिपकवलंय," ते म्हणाले. "शिवलेलं नाही. दोन उन्हाळ्यांत पानं हातात येतील."

मग ते पान पान उलटायला लागले. ते सावकाश वाचतात, पण माझं नाव त्यांना लांबूनही ओळखता येतं, माझ्या सगळ्या मार्कशीट त्यांनीच जपून ठेवल्या आहेत. पाहुणे संस्काराच्या तिसऱ्या प्रकारावर होते, तेव्हा बाबा पान साठवर होते. टाळ्या झाल्या तेव्हा ते शेवटी पोचले आणि परत पहिल्यापासून सुरू झाले.

"कुठे आहे?"

मी आभाराच्या पानावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, 'तसेच इतर सर्व.'

"यात तू कोण?"

"इतर."

"आणि सर्व?"

"त्यातही मीच असेन."

बाबांनी ग्रंथ मिटला आणि मांडीवर ठेवला. कचोरी घेतली नाही. घरी येताना रिक्षात एकच वाक्य बोलले, "पुठ्ठा चांगला लावलाय." त्या दिवशी साहेबांवर मला इतका राग आला होता की मंचावर एकोणतीस नियमांच्या लेखाखाली जाऊन काहीतरी लिहावं असं वाटलं. वहीत लिहिलंही. टाकलं नाही.

पाहुण्यांना, पाहुण्यांच्या पाहुण्यांना वाटून ज्या प्रती उरल्या, त्या बऱ्याच उरल्या. त्यांचे गठ्ठे साहेबांच्या बैठकीत आले आणि जागा नव्हती म्हणून मंचाचं यंत्र त्या गठ्ठ्यांवर चढलं. साहेबांना ते आवडलं. "मंच ग्रंथावर उभा आहे," ते आल्यागेल्याला दाखवायचे.

महिनाभराने एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला.

"बाई, मंच गेला."

"बंद आहे?"

"बंद नाही. गेला."

मी स्नेहलतागंजला पोचले, तर साहेब आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून यंत्रासमोर पाटावर बसले होते. दर रविवारी ते असेच मंचाचा बॅकअप घ्यायचे, म्हणजे सगळ्या मंचाची नक्कल दुसऱ्या डिस्कवर. त्या दिवशी डिस्क कोरी, नवी आणली होती. जुनी त्यांनी पुसून भंगारात दिली होती. आता ग्रंथ छापला गेलाय, दोन-दोन डिस्क कशाला? पाटाशेजारी ग्रंथ उघडा होता आणि पानावर चष्मा ठेवलेला. लेख त्यांचा स्वतःचा होता, 'बॅकअप: एक चिंतन'.

मी पान बघितलं आणि मला घाम फुटला. नक्कल करायच्या त्या आज्ञेत दोन नावं द्यायची असतात. आधी कुठून उचलायचं, मग कुठे ठेवायचं. साहेबांच्या लेखात ती उलटी होती. आठ वर्षं उलटी होती. साहेबांनी ग्रंथात बघून जशीच्या तशी आज्ञा दिली होती, गुरुजींचा पूर्णविराम तेवढा गाळून. कोऱ्या डिस्कची अगदी प्रामाणिक नक्कल मंचावर झाली होती. दहा वर्षं कोरी.

"साहेब, हे उलट आहे. मी खाली लिहिलं होतं."

"यात खाली काही नाही," ते म्हणाले. आवाज इतका लहान होता की मी मीटिंगची आठवण काढली नाही. ती मला काढायची होती, खोटं कशाला बोलू.

काकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, इतकी वर्षं हे दर रविवारी तुझंच उत्तर उघडून ठेवायचे. मला म्हणायचे, 'थांब गं, बाईंनी खाली लिहिलंय ते बघून करतो.' आज म्हणाले, आता छापलंय."

साहेब भिंतीकडे बघत होते. "आज्ञा पाठ करणं म्हणजे घोकंपट्टी," ते म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं.

पुणेकराने दोन दिवस त्याच्या सगळ्या युक्त्या करून बघितल्या. डिस्क कोरी ती कोरीच. मंच बाहेरच्यांना दिसत नसे, त्यामुळे जगात कुठे त्याची प्रतही नव्हती. साहेबांच्या फायलीत होते ते लेख. उत्तरं त्यांनी कधी छापली नव्हती. आमच्या मंचाच्या चुका तेवढ्या आता शिल्लक राहिल्या होत्या, त्याही बांधीव.

माझ्या वह्यांबद्दल मी बोलले नाही. का बोलावं? 'इतर सर्व'कडे काही मागायचं असेल तर त्यांनी नाव घेऊन मागावं. आठ दिवस मी तशीच राहिले. नवव्या दिवशी मानपुरचा तो आगाऊ माणूस फोनवर आला, पण आगाऊपणा नव्हता.

"ताई, पंपाचा कंप्युटर बदलून राहिलोय. मंच तर उघडत नाही. मग ग्रंथात दिलंय तसंच करून घेऊ ना? पान सत्तावन?"

सत्तावन म्हणजे 'बॅकअप: एक चिंतन'.

"हात लावू नका," मी ओरडले. मग वही काढली, पान शोधलं आणि त्याला माझं उत्तर वाचून दाखवलं, खोडलेल्या ओळींसकट. फोन ठेवल्यावर मोजलं की असा ग्रंथ घरात ठेवून बसलेले माझ्या ओळखीचेच किती. मग काकूंना फोन केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ॲडमिनसाहेब आमच्या घरी आले. ते कोणाकडे जात नसत. लोक त्यांच्याकडे जात. आमच्या गल्लीत रिक्षा वळत नाही, म्हणून बडा गणपतीपासून चालत आले होते. बाबांनी त्यांना खाटेवर बसवलं. साहेब लगेच म्हणाले, "वह्या?"

"आधी पोहे खाऊन घ्या साहेब," बाबा म्हणाले. "आमच्याकडे पण नियम आहे."

साहेबांनी पोहे संपवले. मग मी वह्या आणून ठेवल्या. लांबट, अरुंद, एकावर एक. त्यांनी पहिली उचलली, वाचता वाचता सवयीने खिशातून लाल पेन काढलं. बाबा म्हणाले, "साहेब, यात लाल नको." पेन परत खिशात गेलं. संध्याकाळपर्यंत ते वाचत राहिले. त्यांच्या लेखावरचं उत्तर आलं तेव्हा थांबले. तिथे मी आधी लिहिलं होतं, 'साहेब चुकले आहेत'. ते खोडून, 'साहेबांच्या लेखात चूक आहे'. तेही खोडून, 'छपाईची चूक असावी'. तेव्हा छपाई झालीच नव्हती.

"शुद्धिपत्र काढावं लागेल," ते म्हणाले. "सोळा पानं होतील."

"काढा," मी म्हणाले. "पण वर माझं नाव."

"शुद्धिपत्राला लेखक नसतो. जगात कुठेच नसतो."

"मग सोळा पानांचं शुद्धिपत्र कुठे असतं साहेब? चिठ्ठी असते, वाऱ्याने उडून जाते," बाबा म्हणाले. "हे शिवावं लागेल. मी शिवून देतो. पण नाव नसलेलं काही मी आता शिवत नाही. चाळीस वर्षं शिवलं, झालं."

साहेबांनी हातातली वही मिटून बाकीच्या वह्यांवर ठेवली. मग म्हणाले, "नाव येईल. पण शुद्धिपत्र ग्रंथाच्या शेवटी लागतं. ते शेवटीच लागेल."

शेवटी, म्हणजे जिथे कोणी बघत नाही तिथे. पण छापून येणार होतं. मी हो म्हटलं.

उरलेल्या सगळ्या प्रती हातगाडीवर घालून आमच्या घरी आल्या. ज्यांच्याकडे फुकट गेल्या होत्या, त्यांच्याकडून मानपुरवाल्याने आणि पुणेकराने मागून आणल्या. बऱ्याचशा अजून उघडलेल्याही नव्हत्या. शुद्धिपत्राचे फर्मे, म्हणजे छापलेल्या पानांच्या घड्या, आले. पहिल्या पानावर वर मोठ्या अक्षरात शुद्धिपत्र आणि त्याखाली माझं नाव, आडनावासकट, वडिलांच्या नावासकट. बाबांनी ते पान उजेडात धरलं, पण वाचल्यासारखं केलं नाही. सुई-दोरा काढला. चिपकवलेली पुठ्ठ्यांची कव्हरं सोडवली, पानं शिवली, परत पुठ्ठे लावले. तीन आठवडे आमच्या घरात झोपायला जागा नव्हती. मी म्हटलं, नुसतं शुद्धिपत्र जोडायचं होतं, अख्खं पुस्तक कशाला शिवता? ते म्हणाले, "आत तू आहेस. बाहेरचं सुटलं तर तूही सुटशील."

मी कारखान्यात असायचे. झालेल्या प्रती मी उघडून बघितल्या नाहीत, कारण खळ वाळेपर्यंत वजनाखाली होत्या.

सगळ्या झाल्या, तेव्हा साहेब बघायला आले. गठ्ठ्यातली वरची प्रत घेतली, मागून उघडली. शेवटचं पान बघितलं. त्याच्या आधीचं बघितलं. चष्मा वर केला.

"शुद्धिपत्र कुठे आहे?"

बाबा दोरा गुंडाळत होते. "पुढे आहे."

साहेबांनी ग्रंथ फिरवून पुढून उघडला. कव्हर उलटलं की पहिलंच पान माझं. माझं नाव. त्यानंतर सोळा पानं दुरुस्त्या, त्यानंतर साहेबांची प्रस्तावना, त्यानंतर चुका.

"हे शेवटी लागतं," साहेब म्हणाले. "मी सांगितलं होतं. चाळीस वर्षं काम केलंत, फर्मा कुठे लागतो हे माहीत नाही?"

"माहीत आहे ना साहेब," बाबा म्हणाले. "पण माणूस पान सत्तावनवर कंप्युटर पुसून बसला, तर मग शेवटी जाऊन काय वाचेल?"

मी दोघांच्या मधे उभी होते. साहेबांचा हात खिशाकडे गेला. लाल पेन निघालं. टोपण निघालं. पहिल्या पानावर, माझ्या नावाच्या बरोबर वर, पेन येऊन थांबलं. 'स्थान चुकले' असं लिहिणार होते ते, मला त्यांचं लाल पेन इतक्या वर्षांत पाठ झालं होतं.

मग त्यांनी ग्रंथ अर्धा उघडून पोटात बघितलं. पांढरा दोरा, एकसारखे टाके. पान ओढून बघितलं. निघालं नाही.

"सगळ्या अशाच शिवल्यात?"

"सगळ्या."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं.

"जमा झालंय," ते म्हणाले. "आता हात लावायचा नाही."